सात कळांचा भंडारा

कृतिदेव फॉन्टमध्ये ‘भंडारा’ लिहायला सात कळा दाबाव्या लागतात : मोठा एच, के, ए, मोठा एम, के, जे, के. एचवर अर्धा भ, केवर काना. दोन्ही मिळून भ उभा राहतो. हीच फाइल कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडा, भंडारा नाहीसा होतो आणि ती सात रोमन अक्षरं उरतात. फाइलीत देवनागरी नव्हतीच. देवनागरी फॉन्टच्या अंगावर होती.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार, खडीगंमत अशा लोकनाट्यांची पत्रकं निघतात. डीटीपीवाले जुनी फाइल काढतात, तारीख बदलतात, छापायला देतात. अशाच एका दुकानातल्या भाऊंना मी विचारलं, हा जुना संगणक का ठेवलाय? ते म्हणाले, “नव्यावर उघडत नाही जी. जुनंच लागते.”

या ‘जुनंच लागते’चं मूळ टाइपरायटरमध्ये आहे. रेमिंग्टनच्या कळपाटावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. टायपिंग क्लासमध्ये बोटांना लागलेली ही सवय कृतिदेवने तशीच उचलली. पानं जुळवायचा प्रोग्राम, आल्डस कंपनीचं पेजमेकर, 1985 साली आलं, 1994 मध्ये आल्डस अडोबीत विलीन झाली. छोट्या छापखान्यांतली खिळ्यांची जुळणी मागे पडली, तिथे पेजमेकर बसलं.

मग प्रत्येक फॉन्टची भाषा वेगळी का? 1991 साली भारतीय मानक ठरलं, ‘इस्की’, पण ते अक्षरांचं होतं. अर्धा भ, काना, रफार हे तुकडे फॉन्टच्या कोणत्या घरात ठेवायचे, हे ज्याने त्याने ठरवलं. म्हणून श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टसंचातली फाइल कृतिदेवला वाचता येत नाही. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारं युनिकोडही 1991 चंच. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला, पण पेजमेकरची शेवटची, 2001 सालची सातवी आवृत्तीसुद्धा युनिकोड देवनागरी जाणत नाही. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारे लोक मला ग्रंथपालांइतके मोलाचे वाटतात. 1996 मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट अर्काइव्हने जुने प्रोग्राम साठवले, कित्येक तर ब्राउझरमध्येच चालवून दाखवले. तिच्याच मागणीवरून 2003 साली अमेरिकेत कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून काँग्रेसच्या ग्रंथपालांनी कालबाह्य माध्यमांवरच्या प्रोग्रामची कुलपं जतनासाठी उघडायला सूट दिली. कंपनीने विकणं थांबवलं तरी हक्क तिचाच राहतो, म्हणून अशी सूट कायद्यातूनच मिळायला हवी. आपल्याकडेही ती हवी.

माझ्याजवळ आमच्याकडच्या झाडीबोलीतल्या म्हणींची एक सीडी आहे, कृतिदेवमधली. युनिकोडमध्ये नेताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर न्यावी लागते, रफार आधी आणावा लागतो. रूपांतर करणारा प्रोग्राम इथेच चुकतो. झाडीबोलीत पाणी ‘पानी’ होतं, डोळा ‘डोरा’. प्रमाण मराठीच्या सवयीने तपासणाऱ्याला बरोबर शब्दच चुकीचा वाटतो. मूळ पान कसं होतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. म्हणून सीडीच्या पाकिटात मी कृतिदेवची फॉन्टफाइल, कोणत्या कळेवर कोणता तुकडा याचा तक्ता आणि पेजमेकरची आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे. एकेक म्हण भाऊंच्या जुन्या पडद्यावर लावून ताडून पाहतो.