एका शॅकलची गोष्ट

ध्रुवाजवळच्या समुद्रात धोका कसला, तर बर्फाचा, असं आपण धरूनच चालतो (टायटॅनिकची कृपा!). पण शेल कंपनीच्या 'कुल्लक' या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगची वाट लागली, त्यात बर्फ कुठेच नव्हता.

शेलने २००८ मध्ये अलास्काजवळच्या चुकची समुद्रातले पट्टे सुमारे २१० कोटी डॉलर्सना घेतले होते. २०१२ चा उन्हाळी हंगाम संपल्यावर कुल्लक सिअ‍ॅटलला न्यायची ठरली. ती बर्फाचा मार सोसायलाच बांधलेली, पण स्वतः चालू न शकणारी. २१ डिसेंबरला, ऐन हिवाळ्यात, एकच टगबोट तिला ओढत निघाली. २७ तारखेला वादळात दोर जोडणारी शॅकल निसटली. मग टगबोटीची चारही इंजिनं बंद पडली. २९ ला कुल्लकवरच्या १८ जणांना हेलिकॉप्टरने उचललं आणि ३१ ला रिग सिटकालिडाक बेटाच्या किनाऱ्यावर आपटली.

एवढी घाई का? १ जानेवारीला रिग अलास्कात असेल तर कर लागेल, अशी कंपनीची समजूत होती. अमेरिकन तटरक्षक दलाच्या २०१४ च्या चौकशी अहवालातही हे एक कारण म्हणून नोंदलंय.

आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एक टगबोट, एक दोर. बॅकअप नाही.

तरी हे नशीबच म्हणायचं. तेल सांडलं नाही आणि तटरक्षक दलाचा कोडियाकचा तळ जवळ होता. चुकची समुद्र तिथून सुमारे १,००० मैलांवर! तिथे तेलक्षेत्र उभं राहिलं तर ७७ वर्षांत १,००० बॅरलपेक्षा मोठी गळती किमान एकदा होण्याची शक्यता ७५ टक्के, असं अमेरिकन सरकारच्याच २०१५ च्या अभ्यासात आहे.

म्हणजे उत्तरेत तेल काढूच नये? तसं नाही. नॉर्वेचं गोलियात क्षेत्र २०१६ पासून चालू आहे. पण तिथला समुद्र उबदार प्रवाहामुळे गोठत नाही आणि किनाराही जवळ आहे. शेलने मात्र सुमारे ७०० कोटी डॉलर्स खर्चून, पुरेसं तेल न सापडल्याने, सप्टेंबर २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. तोवर तेलही बॅरलला ५० डॉलर्सच्या खाली आलं होतं.

मला यातली कराची गोष्ट जास्त खुपते. कर आकड्यात मांडता येतो, तारखेसकट. शॅकल निसटण्याचा आकडा कोण मांडणार? मग हिशेबात कर दिसतो आणि शॅकल दिसत नाही. बाकी, ज्या कराच्या धाकाने एवढी धावपळ केली, त्या १ जानेवारीला कुल्लक अलास्कातच होती.