तंबूंतला विमानतळ

लंडनचा हीथ्रो विमानतळ १९४६ सालीं प्रवाशांस खुला झाला, तेव्हां तेथें इमारत अशी नव्हतीच. लष्करी तंबूंत आरामखुर्च्या मांडल्या, फुलदाण्या ठेवल्या. पावसांत मात्र चिखलावरील फळ्यांवरून विमान गाठावें लागे. लौकरच तात्पुरत्या इमारती आल्या. मुंबईहून निघालेलें ‘मलबार प्रिन्सेस’ जून १९४८ मध्यें येथेंच उतरलें. विमानतळ बंद ठेवून बांधावा, तर दूरदेशींचें दळणवळण अडणार. म्हणून बांधकाम व उड्डाणें शेजारीं शेजारीं चाललीं. आराखडाही विलक्षणच! धांवपट्ट्यांच्या चांदणीमध्यें प्रवासीगृह. चालू धांवपट्टी ओलांडावी कशी? सबब तिच्याखालून बोगदा खणला. मधली इमारत १९५५ सालीं उघडली. समुद्रापारचे प्रवासी मात्र १९६१ पर्यंत उत्तरेकडील त्या तात्पुरत्या इमारतींतूनच जात होते.