नाणे, जमीन आणि जात : अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्यापुढे हातात संविधान घेतलेला पुतळा उभा राहतो. ते योग्यच आहे. पण जयंतीला ज्या पदव्या आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो, त्यातील एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या चारही त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास करून मिळवल्या, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे? मुलांना विचारून पाहा, बहुतेक जण ‘वकील’ म्हणून मोकळे होतील.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे नुसता आकडेमोड करणारा माणूस, असा आपला समज. बाबासाहेबांचे गुरूच बघा ना. कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. सेलिग्मन करांचे जाणकार. सरकार कर बसवते एकावर, पण त्याचा भार शेवटी सोसतो कोण, या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला. शिवाय इतिहासाचा आर्थिक अर्थ लावला, जुनी पुस्तके जमवली. लंडनचे प्रा. कॅनन यांनी एकीकडे ॲडम स्मिथचा ग्रंथ १९०४ साली संपादित केला, तर दुसरीकडे इंग्लंडातल्या स्थानिक करांचा इतिहास लिहिला.

शिष्य त्यांच्याही पुढचा निघाला. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. सोबत इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, मानववंशशास्त्राचे ४. तिथेच मे १९१६ मध्ये त्यांनी जातीच्या उगमावरचा निबंध वाचला. १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख लिहिला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे : शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ठरते. जमिनीवर माणसांचे ओझे फार, त्यातले कितीतरी हात नुसतेच बसून. तेव्हा उद्योगधंदे वाढवा. आपली माणसे गाव सोडून गिरण्यांत, रेल्वेत का आली, हे ज्याला समजून घ्यायचे त्याने हा लेख जरूर वाचावा. शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडात तो आहे.

मग रुपया. सरकारने १८९३ मध्ये चांदीसाठी टांकसाळी लोकांना बंद केल्या आणि रुपयाचा भाव सरकारच्या हाती गेला. पुढे आलेल्या व्यवस्थेची केन्ससारख्या मोठ्या विद्वानाने १९१३ साली तरफदारी केली. बाबासाहेबांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावरच हल्ला चढवला. सरकारला हवे तेवढे रुपये पाडता आले, की महागाई वाढते. रुपया उतरला की व्यापाऱ्याला फायदा होतो, पण तो देशाचा फायदा नव्हे. भाव चढतात तशी मजुरी चढत नाही, म्हणजे तो पैसा मजुराच्याच खिशातून गेलेला असतो. सेलिग्मन सरांचा प्रश्न इथे नाण्याला लावला आहे, असे आम्हाला वाटते. प्रा. कॅनन यांनी या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि अनेक मुद्दे आपल्याला पटत नाहीत असे त्यातच सांगितले! अशी गुरू-शिष्याची जोडी आपल्याकडे किती? डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही बाबासाहेबांनी हीच बाजू मांडली. त्याच वर्षी प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह निघाला.

जातीकडेही त्यांनी अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. माणसाचा धंदा जन्माआधीच ठरला, तर तो धंदा बुडाल्यावर त्याला दुसरा धरता येत नाही आणि तो बेकार होतो, हे त्यांनी १९३६ साली दाखवून दिले. चांभारकाम, झाडूकाम, गावकी यांतून बाहेर पडताना आपल्या वाडवडिलांना काय सोसावे लागले, ते आपण जाणतोच.

सप्टेंबर १९३७ मध्ये जमिनीचा हाच अभ्यासक मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक घेऊन उभा राहिला. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मोर्चाने मुंबईत आली. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.