तळटीप : घनफळावरून चांदीचे वजन

मजकुरातली मापे घनइंचांत आहेत. शुद्ध चांदीचा एक घन सेंटिमीटर १०.४९ ग्रॅम भरतो आणि घनइंचात असे १६.३९ घन सेंटिमीटर मावतात, म्हणजे घनइंचाला सुमारे १७२ ग्रॅम, जुन्या तोळ्याने (११.६६ ग्रॅम) पावणेपंधरा तोळे. राणीछाप रुपयांना मात्र हा आकडा लावू नये. त्यांत बारा भागांपैकी एक भाग तांबे असे, त्यामुळे घनता १०.३४ च्या आसपास उतरते. भांड्यात मावणारे पाणी आणि भांड्याचा धातू यांची गल्लत तर कटाक्षाने टाळावी. जयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या चांदीच्या एकेका गंगाजलीत (गंगाजलाच्या रांजणात) सुमारे चार हजार लिटर पाणी मावते, पण तिचे वजन ३४५ किलो, म्हणजे प्रत्यक्ष चांदी जेमतेम ३३ लिटर! वस्तू हाताशी असेल तर हिशेब उलटा करावा : वजनाला घनफळाने भागले की चांदीच्या कसाचा अंदाज येतो. घनफळ मोजण्यासाठी ती दोऱ्याने पाण्यात सोडताना नक्षीच्या खाचांत अडकलेले बुडबुडे कुंचल्याने काढून टाकावेत, नाहीतर घनफळ फुगते आणि चोख चांदीही हिणकस ठरते. — संपा.