चढावर अडलेली गाडी

आडवाटेस आगगाडी अडली म्हणजे उतारू खोळंब्यानें चिडतात. पण खरा धोका ही वार्ता मागील गाडीस न पोंचण्यांत असतो.

१२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा येथून सहलीस निघालेली १५ डब्यांची गाडी चढावर अडली. आंत ९०० हून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, दारांना कुलुपें. पुढचे ५ डबे आधीं न्यावे, मागचे १० तेथेंच ठेवावे, असें ठरलें. ब्रेक एंजिनाच्या जोरावर लागत. जोड सुटतांच ते निकामी झाले. हातब्रेक व चाकांखालचे दगड एवढाच आधार उरला. तोही सुटला आणि डबे उताराला लागले.

मागून दुसरी गाडी येत होती. त्या मार्गावर दोन गाड्यांत केवळ वेळेचें अंतर राखीत. पुढची अडल्याचें मागच्या चालकास कळण्याची सोयच नव्हती. सुमारें ८० जीव गेले.

त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा केला. जोड तुटतांच आपोआप लागणारे ब्रेक, आणि पुढचा टप्पा मोकळा असल्यावांचून गाडी न सोडणें, या दोहोंची सक्ती करण्याचा अधिकार सरकारास मिळाला.

भारतांतील लहान स्टेशनांवर ‘लाइन क्लिअर’साठीं गाडी थांबते, ती याच तत्त्वानें. उतारूंस नकोशा वाटणाऱ्या त्या थांबण्यांतच त्यांचें अभय आहे.