मासे मेले कशाने? मलबार किनाऱ्यावरचा एक जुना तपास

पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की मलबार आणि दक्षिण कानडा किनाऱ्यावर काही वर्षी समुद्राचं पाणी रंग बदलतं. कधी ते हिरवट होतं, कधी तांबूस. पाठोपाठ लाटांबरोबर मेलेले मासे वाळूवर येऊन पडतात. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. या मरीचा रीतसर तपास मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला.

तो हाती घेतला जेम्स हॉर्नेल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने. 1902 मध्ये सिलोनच्या मोत्यांच्या कालवांचा अभ्यास करायला तो पूर्वेकडे आला आणि पुढे मद्रास सरकारच्या मत्स्य विभागात रुजू झाला. फ्रेडरिक निकोल्सन यांनी हा विभाग नुकताच उभा केला होता. मलबारात तेव्हा तारलीचं मोठं अर्थकारण होतं. तारलीपासून तेल निघे, चोथ्याचं खत होई. मासा कुठे जातो, कधी येतो आणि कशाने मरतो, हे प्रश्न म्हणूनच थेट लोकांच्या पोटाशी जोडलेले होते.

समुद्रात मासे मेले की संशय एरवी जायचा तो वादळावर, समुद्रतळाखालच्या हालचालींवर, नाहीतर नदीतून आलेल्या गढूळ पाण्यावर. हॉर्नेलने मेलेल्या माशाबरोबर त्याच्या भोवतीचं पाणीही सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. त्या पाण्यात एकपेशीय, शेपटीवाले जीव अमाप संख्येने वळवळत होते. युग्लिनासारखे दिसणारे हे जीवच माशांच्या मरणाला कारण आहेत, असं त्याने 1917 मध्ये मद्रास मत्स्य विभागाच्या पत्रिकेत मांडलं. रोगराई नाही, विषप्रयोग नाही, तरी समुद्रातल्या एका सूक्ष्म जिवाने हजारो मासे मारले, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या जिवाची नेमकी ओळख पटायला पुढे जवळजवळ चार दशकं गेली. मधल्या काळात, 1950 मध्ये, भीमाचार आणि जॉर्ज या संशोधकांनी आणखी एक दुवा जोडला. मलबार-कानडा किनाऱ्यावरची मासेमारी मधेच एकाएकी कोसळते, त्यामागे तांबडं पाणी असावं, असं त्यांनी सुचवलं. नॉक्टिल्युका नावाचा, रात्री चमकणारा जीव त्या पाण्यात माजलेला असे. पण हिरव्या पाण्याचं कोडं त्याने सुटत नव्हतं.

ते सोडवलं आर. सुब्रह्मण्यन या शास्त्रज्ञांनी. 1954 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’च्या पहिल्याच खंडात त्यांनी हॉर्नेलच्या त्या जिवाचं सविस्तर वर्णन छापलं आणि पहिल्या तपासनिसाच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं ‘हॉर्नेलिया मरीना’. पुढे 1982 मध्ये हारा आणि चिहारा या जपानी शास्त्रज्ञांनी त्याची गणना ‘चॅटोनेला’ या प्रजातीत केली. आज जगभर तो ‘चॅटोनेला मरीना’ म्हणून ओळखला जातो.

हा जीव हाती लागणं किती अवघड, हे त्याच्याकडे जवळून पाहिलं की कळतं. साधारण 30 ते 50 मायक्रॉन लांबीची नासपतीच्या आकाराची पेशी, आत सोनेरी-तपकिरी कण, आणि दोन शेपट्या: एक पुढे ओढणारी, दुसरी मागे फरफटणारी. पेशीला कठीण कवच नसतं. त्यामुळे नमुना नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की पेशी फुटतात आणि बाटलीत ओळखू न येणारा साका उरतो. पाणी जिवंत असतानाच जो पाहील, त्यालाच आरोपी दिसेल.

आणि मासा नक्की मरतो कसा? चॅटोनेलाच्या संपर्काने कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांना इजा होते, त्यांच्यावर चिकट स्राव जमतो, रक्तात प्राणवायू पोचेनासा होतो. भोवतीच्या पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी मासा गुदमरतो. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात 1972 च्या उन्हाळ्यात याच प्रजातीच्या एका जातभाईने सुमारे 1 कोटी 40 लाख पाळीव यलोटेल मासे मारले. नुकसान 7 अब्ज येनच्या वर गेलं. पुढच्याच वर्षी त्या समुद्राच्या रक्षणासाठी जपानने खास कायदा केला.

पण पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रत्येक मरीचं खापर चॅटोनेलावर फोडता येत नाही. दुसरा संशयित समुद्राच्या तळाशी असतो. पावसाळ्यात खोल समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकून किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यावर पसरतं. कोचीजवळ अशा वेळी तळाच्या माशांची पकड घटते, हे समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्से यांनी 1959 मध्ये नोंदवलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हा कमी प्राणवायूचा पट्टा सुमारे 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटरवर पसरतो आणि पावसाळ्याअखेर त्यात कुजक्या अंड्यांचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. कोकण आणि गोव्यासमोरचा समुद्र याच साखळीत येतो.

म्हणून तपासात मेलेल्या माशांची जात फार बोलकी ठरते. लेप, खेकडे, वाम असे तळाचे जीव आधी मेले असतील, तर प्राणवायूच्या अभावाचा संशय घ्यावा. पृष्ठभागाजवळ फिरणारे तारली आणि बांगडे रंगीत पाण्यात मेले असतील, तर सूक्ष्म जिवांकडे पाहावं. मोठे मासे आधी आणि पहाटेच्या सुमारास मेले, तर प्राणवायू संपल्याची शक्यता वाढते. वनस्पतींची रात्रीची श्वसनक्रिया पाण्यातला साठा त्याच वेळी तळाला नेते. पसरलेले कल्ले आणि उघडं तोंड गुदमरल्याची खूण सांगतात, पण गुदमरवलं कोणी ते सांगत नाहीत. ते उत्तर पाण्यातच असतं, आणि पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलतं.

तेव्हा किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला, तर ते खाऊ नयेत आणि विकूही नयेत. वेळ, पाण्याचा रंग, वास आणि माशांच्या जाती लिहून घ्याव्यात, फोटो काढावेत. त्याच जागच्या पाण्याने एक स्वच्छ बाटली भरावी, त्यात फॉर्मॅलिन किंवा दुसरं कोणतंही रसायन घालू नये, आणि ती सावलीत ठेवून त्याच दिवशी मत्स्य विभागाच्या किंवा जवळच्या सागरी संशोधन संस्थेच्या हाती द्यावी.