सीटखालचे इंजिन

भार कुठे ठेवायचा, हा वऱ्हाडातल्या गाडीवानाचा जुनाच प्रश्न. अमरावतीच्या बाजाराकडे निघालेल्या बंडीत कापूस मागे जास्त भरला, की बंडी उलाळ व्हायची आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जायचे. मोटारीत हा भार म्हणजे इंजिन.

१९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या रेसिंग कारमध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे बसवले; हीच मिड-इंजिन मांडणी. ती गाडी भल्याभल्यांना आवरत नसे. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम अशाच मांडणीच्या कूपर कारमधून जगज्जेता झाला आणि पाहता पाहता सगळी फॉर्म्युला वन त्या वाटेने गेली.

वजन मध्यभागी एकवटले, की गाडी चटकन वळते. पण मागची बाजू निसटली, तर तितक्याच चटकन गरकन फिरते. भरवेगात, वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, की भार पुढे सरकतो, मागच्या टायरची पकड सुटते आणि स्टिअरिंग उलटे फिरवून सावरायला जेमतेम क्षणभर मिळतो. म्हणून शिकवणारे बजावतात: ब्रेक सरळ रस्त्यावरच मारा, वळणात पाय स्थिर ठेवा, पावसात वेग आधीच उतरवा. १९८९ च्या मिड-इंजिन टोयोटा एमआर-२ बद्दल मागची बाजू अशीच निसटत असल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा कंपनीने पुढे तिचे सस्पेन्शन बदलले आणि मागचे टायर रुंद केले.

अमरावतीतल्या राजापेठेच्या रस्त्यांना ही मांडणी भेटली ती मात्र शाळकरी मुले आणि पेशंट वाहणाऱ्या गाडीतून. १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली. तीच पुढे ओम्नी झाली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली, पुढच्या चाकांच्या किंचित मागे, आणि ताकद मागच्या चाकांना. इंजिन पाहायचे तर सीटच उचलायची. वऱ्हाडच्या मे महिन्यात वरून ऊन आणि खालून इंजिन, असा चालकाला दुहेरी शेक. समोर बॉनेट नसल्याने टक्कर झाली, तर त्याचे गुडघेच आधी सापडत. रिकाम्या व्हॅनची मागची चाके हलकी असल्याने ओल्या रस्त्यावर ती जपून हाकावी लागे.

२००९ च्या टाटा नॅनोत इंजिन थेट मागे गेले. मागची बाजू निसटू नये म्हणून तिचे पुढचे टायर १३५ मिलिमीटरचे, तर मागचे १५५ चे.

खरीखुरी देशी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार दिसली ती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत: मुंबईच्या दिलीप छाब्रियांची डीसी अवंती. तिच्यात नंतर रेनॉचे २ लिटरचे, सुमारे २५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आले. परवान्याच्या लेखी मात्र ओम्नी आणि अवंती दोन्ही हलकी मोटार वाहनेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटर ट्रेनिंग स्कूलला हलक्या वाहनासाठी २१ दिवसांचा अभ्यासक्रम आणि किमान १० तास प्रत्यक्ष चालवणे घालून दिले. एमएच-२७ या अमरावतीच्या क्रमांकाच्या ओम्नीवर हे तास भरून मिळालेला परवानाच अवंतीलाही चालतो.